विकिव्हॉयेज हाताशी घेऊन किन्नौर-स्पितीची सहल कशी आखावी?

स्पितीला जायचं नुसतं ठरलं की व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर कुणीतरी टूरवाल्यांचं पत्रक टाकतं, कुणी तिथल्या चंद्रताल या तळ्याचं रील पाठवतं आणि 'मनालीहून पाच दिवसांत होतं म्हणे' यावर चर्चा मिटते. पत्रकात पोटापुरती माहिती असते आणि रीलमध्ये तेवढीही नसते. स्वतःची सहल स्वतः आखायची असेल, हाताशी दहा-पंधरा दिवस असतील आणि महागडं गाइडबुक विकत घ्यायचं नसेल, तर विकिव्हॉयेज हे फुकटचं प्रवासपुस्तक उघडा. ते कसं वाचायचं, त्यातलं काय धरायचं आणि काय फोन करून पडताळायचं, हे किन्नौर-स्पितीच्या उदाहरणावरून सांगतो. हिमाचलचा हा भाग मुद्दाम घेतला, कारण इथे पुस्तक नीट न वाचल्याची किंमत डोकेदुखी, उलट्या आणि अडकलेल्या गाड्यांच्या रूपात मोजावी लागते.

विकिव्हॉयेजची थोडी ओळख. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनचंच हे भावंड, तिच्या छत्राखाली जानेवारी २०१३ मध्ये आलं. त्याआधी २००६ मध्ये काही जर्मन स्वयंसेवकांनी दुसऱ्या एका प्रवास-विकीतून बाहेर पडून ते सुरू केलं होतं. लिहिणारे सगळे हौशी प्रवासी. जाहिराती नाहीत, बुकिंगचं कमिशन नाही, त्यामुळे एखादं हॉटेल वर आणि दुसरं खाली असण्यामागे पैशाचं गणित नसतं. मजकूर कुणीही उतरवून घेऊ शकतो, छापू शकतो, बदलू शकतो, फक्त श्रेय द्यायचं आणि पुढे देतानाही तीच मोकळीक ठेवायची. म्हणजे घरच्या मंडळींसाठी त्यातली पानं काढून, आपल्या टिपा जोडून छोटी पुस्तिका केलीत तर कुणी अडवणार नाही. इंग्रजी आवृत्ती सगळ्यात भरलेली आहे. हिंदी आहे, पण इंग्रजीच्या मानाने बारीक. मराठीची स्वतंत्र आवृत्ती नाही, तेव्हा इंग्रजीच उघडा. भाषा सोपी असते.

आधी महिना, मग जागा

पुस्तक उघडण्याआधी कॅलेंडर उघडा. आपल्याकडे सुट्ट्या म्हणजे मे महिना आणि दिवाळी, आणि स्पितीचं नेमकं या दोन्हींशी जमत नाही.

स्पितीत शिरायचे रस्ते दोन. एक शिमल्याकडून, सतलजच्या काठाने किन्नौरमधून वर जाणारा. हा जवळजवळ वर्षभर चालू असतो, दरड किंवा बर्फ पडला तर काही तास किंवा काही दिवस थांबावं लागतं. दुसरा मनालीकडून, कुंझुम खिंड ओलांडून. ही खिंड साधारण ४,५५० मीटरवर आहे. हिवाळ्यात बंद, आणि बर्फ काढून रस्ता खुला व्हायला बहुतेक वर्षी मेअखेर किंवा जून उजाडतो. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात ती पुन्हा कधी बंद होईल सांगता येत नाही.

याचा अर्थ सरळ आहे. मे महिन्यात मुलांना घेऊन निघणार असाल तर शिमल्याहून जाऊन शिमल्यालाच परत या, नाहीतर फक्त किन्नौर करा. सांगला, चितकुल, कल्पा एवढ्यावरच आठ दिवस मजेत जातात. दिवाळीत कुंझुम मिळाली तर मिळाली असं धरून चाला. जुलै-ऑगस्टमध्ये स्पिती पर्जन्यछायेत असल्याने कोरडी असते, पण तिथे पोहोचायचा किन्नौरचा रस्ता दरडींचा आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये निगुलसरीजवळ डोंगर कोसळून बससकट माणसं गाडली गेली, ती जागा याच रस्त्यावर. माझं मत विचाराल तर सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा. पाऊस ओसरलेला असतो, कुंझुम उघडी असते आणि किन्नौरमध्ये सफरचंदं उतरवायची गडबड चालू असते. त्यात गणपती मध्ये येतात हे मला माहीत आहे. विसर्जन झालं की निघा.

जूनचा उत्तरार्धही चांगला, शाळा उघडलेल्या नसतील तर.

पुस्तकात शिरायचं वरून खाली

नवखा माणूस शोधाच्या चौकटीत एकदम 'काझा' हे स्पितीचं मुख्य गाव लिहितो, पानावर चार ओळी दिसतात आणि 'यात काहीच नाही' म्हणून बंद करतो. या पुस्तकाची रचना खंड, देश, विभाग, राज्य, खोरं, गाव अशी उतरती आहे. पानाच्या माथ्यावर ही साखळी लिहिलेली असते. हिमाचल प्रदेशाच्या पानापासून सुरुवात करा. तिथे राज्याचे भाग, मोठी गावं आणि नकाशा मिळेल. मग लाहौल-स्पिती, किन्नौर, त्याखालची गावं. हवामान, भाषा, बससेवा, परवाने अशी सामाईक माहिती वरच्या पानावर एकदाच लिहितात, म्हणून गावाचं पान हडकुळं दिसतं.

प्रत्येक पानावर दोन गोष्टी पाहायची सवय लावा. वर रंगीत चौकटीत काही इशारा आहे का? असला तर तो कधीचा आहे तेही पाहा, जुने इशारे काढायचे राहून जातात. दुसरी गोष्ट अगदी तळाशी. तिथे हे पान 'आउटलाइन', 'यूजेबल', 'गाइड' की 'स्टार' आहे ते लिहिलेलं असतं. आउटलाइन म्हणजे नुसता सांगाडा. यूजेबल म्हणजे यावर काम भागेल. गाइड आणि स्टार म्हणजे कुणीतरी जीव लावून लिहिलंय. हिमालयातली लहान गावं बहुधा सांगाड्यावरच असतात, त्यात नाउमेद होण्यासारखं काही नाही. सांगाड्यातही गावात पोहोचायचं कसं आणि तिथून पुढे कुठे, एवढं सहसा मिळतं आणि आखणीला तेच लागतं.

पानाच्या इतिहासाची कळही असते. ती दाबली की शेवटचा बदल कधी, कुणी केला ते दिसतं. पाच वर्षांत कुणी फिरकलंच नसेल तर ते पान कसं वाचायचं ते पुढे सांगतो.

वाचायचा क्रम उलटा ठेवा

सगळी पानं एकाच साच्यात असतात: 'अंडरस्टँड', 'गेट इन', 'गेट अराउंड', 'सी', 'डू', 'बाय', 'ईट', 'ड्रिंक', 'स्लीप', मग 'स्टे सेफ' आणि शेवटी 'गो नेक्स्ट'. सगळ्यांचा हात आधी 'सी'वर जातो, कारण बघायचं काय हीच उत्सुकता असते. तिथे आठ ठिकाणं सापडतात, आठही हवीशी वाटतात, आणि मग ती कशीबशी दिवसांत कोंबायचा खेळ सुरू होतो.

आधी 'गेट इन' वाचा. रस्ता कुठून येतो, बस कुठली, किती तास, वर्षातले किती महिने, हे इथे असतं. त्यानंतर 'स्टे सेफ' आणि तब्येतीचा भाग. उंचीच्या त्रासावर विकिव्हॉयेजवर वेगळं पान आहे, तेही याच वेळी वाचून टाका. मग 'गो नेक्स्ट'. हा भाग लोक बघतही नाहीत, आणि मला तो पुस्तकातला सगळ्यात उपयोगी वाटतो. शिमल्याचं पान सराहनकडे बोट दाखवतं, सराहनचं सांगल्याकडे, आणि अशी एकेक कडी जोडत सहलीची वाट आपोआप तयार होते. 'सी' सगळ्यात शेवटी. तोवर कुठल्या गावात किती वेळ हातात आहे हे कळलेलं असतं, त्यामुळे निवड सोपी होते.

एक वही घ्या. गाव, समुद्रसपाटीपासूनची उंची, आधीच्या गावापासून किलोमीटर आणि प्रत्यक्ष लागणारे तास, एवढे चार रकाने आखा. पुस्तक वाचताना ते भरत जा. उंची विकिव्हॉयेजवर नसेल तर विकिपीडियावर मिळते. दोन ठिकाणी शंभरेक मीटरचा फरक दिसेल, त्यानं काही बिघडत नाही.

सहल उंचीच्या रकान्यावर ठरते

वही भरल्यावर 'मनालीहून पाच दिवसांत' यात काय खोट आहे ते लगेच दिसतं. मनाली साधारण २,०५० मीटरवर. तिथून सकाळी निघून कुंझुम ओलांडून रात्री काझात झोपायचं म्हणजे एका दिवसात ३,६५० मीटरच्या पुढे. महाबळेश्वरची उंची जेमतेम १,४०० मीटर असते, एवढं लक्षात घेतलं तर आपल्या शरीराला याची काही सवय नाही हे कळेल. डॉक्टर आणि गिर्यारोहक मंडळींचा सर्वसाधारण नियम असा: ३,००० मीटरच्या वर गेलात की झोपायची उंची रोज ५०० मीटरहून जास्त वाढवू नका, आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर काढा. दिवसा वर जाऊन यायला हरकत नाही, हिशेब रात्रीच्या मुक्कामाचा.

शिमल्याकडून गेलं की हा नियम फारसं डोकं न लावता पाळला जातो. शिमला २,२०० मीटरच्या आसपास, सराहन जवळपास तेवढंच, सांगला २,७००, कल्पा २,९००. आणि इथे वहीचा खरा उपयोग होतो. कल्प्याहून पुढे निघालं की वाटेत नाको लागतं. छोटं तळं, दगडी घरं, जुना गोंपा म्हणजे बौद्ध मठ, म्हणून बरेच जण तिथेच मुक्काम टाकतात. पण नाको ३,६६० मीटरवर आहे, कल्प्यापेक्षा साडेसातशे मीटरने वर. त्याच्या पुढचं ताबो मात्र ३,२८० वर. रस्ता नाकोला चढतो आणि मग स्पिती नदीच्या काठाला उतरतो. तेव्हा नाकोत दुपारचं जेवण करा, तळ्याभोवती फेरी मारा आणि दिवस असेतो ताबोला पोहोचा. दोन तास गाडीत जास्त बसावं लागेल, पण रात्री झोप लागेल.

या रकान्यांवरून मी धरलेली आखणी अशी. पहिल्या दिवशी कालका ते शिमला. १९०३ पासून धावणारी ९६ किलोमीटरची छोटी रेल्वे आहे, युनेस्कोच्या यादीत २००८ पासून. तिला पाच तासांच्या पुढे लागतात, घाई असेल तर चंदीगडहून गाडी करा. दुसऱ्या दिवशी नारकंडा, रामपूर करत सराहन. तिथलं भीमाकाली मंदिर लाकूड आणि दगडाच्या आलटून-पालटून थरांनी बांधलेलं आहे, आत जाताना डोक्यावर टोपी लागते आणि चामड्याच्या वस्तू बाहेर ठेवाव्या लागतात. मग दोन रात्री सांगला, त्यातला एक दिवस बास्पा नदीच्या काठाने चितकुलला जाऊन यायचं. मग दोन रात्री कल्पा. समोर किन्नर कैलासाची रांग असते आणि खिडकीतून ती बघत बसण्याशिवाय दुसरं काही करायची गरज नाही. सातव्या दिवशी कल्पा ते ताबो, हा लांबचा दिवस, सकाळी सातला निघालेलं बरं. वाटेत खाब इथे स्पिती नदी सतलजला मिळते, पुलाजवळ थोडं थांबा. आठव्या दिवशी ताबो बघून, धनकरवरून काझा. तिथे तीन-चार रात्री. मग हवामान आणि खिंड ठीक असेल तर लोसर, कुंझुम, चंद्रताल, आणि शेवटी बातल, ग्रांफू करत मनाली.

ताबोबद्दल थोडं सांगायलाच हवं. इथला मठ इ. स. ९९६ मधला. बाहेरून बघाल तर मातीच्या बुटक्या, बिनखिडक्यांच्या इमारती, कुणी सांगितलं नाही तर गाडी पुढे निघून जाईल. आत भिंतीभर चित्रं आणि मातीच्या मूर्ती. याला 'हिमालयातलं अजिंठा' म्हणतात, आणि अजिंठा पाहिलेल्या मराठी माणसाला डोळे अंधाराला सरावायला लागणारा तो वेळ ओळखीचा वाटेल. आत फोटो काढू देत नाहीत. विजेरी जवळ ठेवा, पण भिंतीवर मारण्याआधी तिथल्या लामांना विचारा. पुस्तकात याला दोन ओळी दिलेल्या असल्या तरी वहीत अर्धा दिवस ठेवा.

काझाच्या मुक्कामात की गोंपा, किब्बर, चिचमचा पूल एका दिवशी होतात, लांगझा, हिक्किम आणि कोमिक दुसऱ्या दिवशी. हिक्किमला ४,४४० मीटरवर टपाल कार्यालय आहे. तिथून घरी पोस्टकार्ड टाकायची पद्धतच पडली आहे, आणि ते खरंच पोहोचतं. लांगझ्यात मुलं जीवाश्म विकायला आणतात. घेऊ नका. तो डोंगराचा ऐवज आहे, आणि तो विकणं कायद्यातही बसत नाही.

मधला एक दिवस मोकळाच ठेवा. तो भरायचा मोह होईल, पिन खोरं आहे, मुध आहे, सगळं आहे. पण दरड पडली, कुणाला ताप आला, टायर दोनदा बसला, तर दिवस कुठून आणणार?

चंद्रतालचा मुक्काम ४,२०० मीटरच्या वर असतो. काझात तीन रात्री काढून, दिवसा हिक्किमपर्यंत जाऊन आलेल्यांना सहसा झेपतं. सोबत वयस्क कुणी असेल किंवा कुणाचं डोकं काझातच दुखत असेल तर हा मुक्काम गाळा आणि त्याच वाटेने शिमल्याला परत फिरा. तळ्याच्या काठावर तंबू ठोकायला बंदी आहे, रामसर या आंतरराष्ट्रीय यादीतली पाणथळ जागा आहे ती. कॅम्प अलीकडे काही किलोमीटरवर असतात आणि पुढे चालत जावं लागतं. उंचीच्या त्रासावरच्या डायमॉक्स या गोळीबद्दल विचारणार असाल तर निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा. कुणाला सल्फाची ॲलर्जी असते, कुणाला रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतात. ग्रुपवरच्या सल्ल्याने गोळ्या घेऊ नका.

किलोमीटर नव्हे, तास

पुस्तकात बातल ते ग्रांफू पन्नासेक किलोमीटर दिसेल. आपल्या डोक्यात लगेच पुणे-लोणावळ्याचा हिशेब येतो. या पन्नास किलोमीटरला चार-पाच तास लागू शकतात. रस्ता म्हणजे दगडगोटे आणि त्यावरून वाहणारे ओढे, दुपारनंतर बर्फ वितळून पाणी चढतं. म्हणून इथून सकाळी लवकर निघायचं. ग्रांफूनंतर डांबरी रस्ता लागतो आणि ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झालेल्या नऊ किलोमीटरच्या अटल बोगद्यातून मनाली जवळ येते. पुस्तकातल्या एखाद्या पानावर अजून रोहतांग खिंडीवरून जायचं वर्णन दिसलं तर ते पान बोगद्याच्या आधीचं आहे हे ओळखा.

टिकाऊ काय, नाशवंत काय

स्वयंसेवकांनी लिहिलेल्या पुस्तकातली सगळी माहिती सारख्या वयाची नसते. डोंगर, मठ, गावांचा क्रम, अंतरं, चालीरीती, कुठली बाजू दरडींची, हे दहा वर्षं जुनं असलं तरी चालतं. खोलीचे दर, बसची वेळ, फोन नंबर, रस्ता खुला की बंद, परवान्याचे नियम, हे कोथिंबिरीसारखं. आज आहे, उद्या सुकलं.

'स्लीप'खाली राहायच्या जागेची नोंद एका ओळीत असते: नाव, कुठे आहे, फोन, दर, एखादं वाक्य. शेवटी कंसात बारीक अक्षरात ती कधी ताजी केली तो महिना आणि वर्ष दिसू शकतं. वर्ष २०१७ असेल तर दर सोडून द्या, नाव धरा. तारीखच नसेल तर जुनी समजा. मग ते नाव नकाशाच्या ॲपवर टाकून अलीकडचे अभिप्राय वाचा आणि फोन लावा.

फोनवर 'रूम आहे का' एवढंच विचारून ठेवू नका. तिथली काही होमस्टे म्हणजे खरोखरच घरं असतात. गरम पाणी नळाला येतं की बादलीने मिळतं? शौचालय खोलीला लागून आहे की अंगणात, आणि कमोड आहे का? स्पितीतल्या जुन्या घरांत पाण्याविनाचं, माती टाकायचं शौचालय असतं. त्यात वाईट काही नाही, पण गुडघे दुखणाऱ्या आईला ते आधी माहीत हवं. रात्रीचं जेवण दरात धरलंय का? खोली गरम ठेवायला काही आहे का, की नुसत्या रजया? गाडी दारापर्यंत येते की चढ चालावा लागतो? ड्रायव्हरची झोपायची सोय आहे ना? हा शेवटचा प्रश्न बरेच जण विसरतात आणि मग त्या बिचाऱ्याला गाडीत झोपावं लागतं. डोंगरातल्या रस्त्यावर रात्रभर कुडकुडलेला ड्रायव्हर तुम्हालाही परवडणार नाही.

फोन लागला नाही तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा लावा. नेटवर्क येतं-जातं. आणि त्याच माणसाला रस्त्याची स्थिती विचारून घ्या, त्याच्याइतकी ताजी बातमी कुठल्याच पुस्तकात नसते. लाहौल-स्पितीचे पोलीस समाजमाध्यमांवर कुंझुम आणि इतर रस्ते खुले-बंद असल्याची माहिती टाकत असतात, निघायच्या आठवड्यात तेही पाहा. बसने जाणार असाल तर हिमाचल परिवहनची रिकांगपिओ (कल्प्याखालचं किन्नौरचं मुख्य गाव) ते काझा बस पहाटे-सकाळी सुटते आणि दिवसभर घेते. वेळ आदल्या दिवशी स्थानकावर जाऊनच पक्की करा.

परवान्याचं थोडक्यात: भारतीय नागरिकांना या वाटेवर इनर लाइन परमिट (सीमेलगतच्या भागात जायचा परवाना) लागत नाही, ओळखपत्र मात्र हवं. मुलगा-सून अमेरिकेतून येऊन तुमच्यासोबत निघणार असतील आणि पासपोर्ट परदेशी असेल, तर रिकांगपिओ ते काझा या टप्प्यासाठी परवाना काढावा लागतो. तो रिकांगपिओत मिळतो, पण सरकारी सुट्टीच्या दिवशी तिथे पोहोचलात तर एक दिवस गेला. त्यांच्या हिशेबाने कल्प्याचा मुक्काम शनिवार-रविवारी येणार नाही असं बघा.

पुस्तक खिशात

किन्नौर सोडलं की नेटवर्कची खात्री नाही, म्हणून सगळं घरूनच उतरवून न्या. 'किविक्स' हे फुकट ॲप आहे, त्यात विकिव्हॉयेजची अख्खी आवृत्ती उतरवता येते. चित्रांशिवायची हलकी आवृत्तीही मिळते. घरच्या वायफायवर रात्रभर लावून ठेवा. मग विमानातही वाचता येतं आणि नाकोच्या तळ्याकाठीही. एक लक्षात असू द्या, ही उतरवलेली प्रत त्या तारखेची असते, त्यानंतरचे बदल तिच्यात येत नाहीत.

नकाशासाठी 'ऑरगॅनिक मॅप्स' किंवा 'ऑसमँड'. दोन्ही ओपनस्ट्रीटमॅप या स्वयंसेवकांनीच बनवलेल्या फुकट नकाशावर चालतात, हिमाचलचा भाग आधी उतरवला की नेटशिवाय वाट दाखवतात. विकिव्हॉयेजच्या पानावर ठिकाणांपुढे छोटे रंगीत आकडे असतात, ते दाबले की नकाशावर जागा दिसते. घरी बसून त्यातल्या हव्या त्या जागा आपल्या ॲपमध्ये खूण करून ठेवा: मठ, होमस्टे, दवाखाना, पेट्रोलपंप. पेट्रोलचं विशेष, कारण रिकांगपिओजवळचा पंप सोडला की पुढचा थेट काझाला, आणि काझाहून कुंझुममार्गे मनालीपर्यंत मधे नाहीच. दोन्ही ठिकाणी टाकी फुल्ल.

रोख पैसे शिमल्यातच काढा. काझात एटीएम आहे, भरवसा नाही.

आणि वहीच्या त्या चार रकान्यांची एक छापील प्रत ड्रायव्हरला द्या. मोबाइलची बॅटरी थंडीत झपाट्याने उतरते, कागदाला तो त्रास नाही.

प्रश्न अडला तर, आणि परत आल्यावर

वाचूनही एखादी गोष्ट कळली नाही तर विकिव्हॉयेजवर 'टुरिस्ट ऑफिस' नावाचं पान आहे. तिथे प्रश्न टाकला की अनुभवी लिहिणारे उत्तर देतात. लगेच मिळेलच असं नाही, म्हणून निघायच्या आदल्या रात्री विचारू नका.

घरी आल्यावर फोटो टाकायच्या उत्साहात अर्धा तास पुस्तकासाठीही काढा. तुमच्याकडे त्या घडीला जगातली सगळ्यात ताजी माहिती असते. खातं उघडलं तर चांगलं, नाही उघडलं तरी दुरुस्ती करता येते. संगणकावर पान उघडलंत की प्रत्येक नोंदीच्या शेवटी 'एडिट' दिसतं. ते दाबलं की नाव, फोन, दर, वेळ अशा भरायच्या चौकटी येतात. चुकलेला नंबर बदला, बंद पडलेलं हॉटेल काढा, खाली एका ओळीत काय बदललं ते लिहा आणि प्रकाशित करा. दुसऱ्या गाइडबुकातून किंवा हॉटेलच्या साइटवरून मजकूर उचलून डकवायचा नाही, तो काढून टाकला जातो.

कौतुकालाही तिथे फारशी जागा नाही. 'अगदी घरच्यासारखं, काकूंच्या हातची चव अप्रतिम, एकदा नक्की जा' असं लिहिलंत तर कुणीतरी येऊन ते छाटेल, जाहिरात वाटते म्हणून. त्याऐवजी लिहा: चार खोल्या, एका खोलीला लागून कमोड, गरम पाणी सकाळी बादलीने, दुपारपर्यंत सांगितलं तर रात्री थुक्पा (नूडल्सचं सूप) किंवा राजमा-भात, गाडी शंभर पावलं खाली लावावी लागते.